कौलांतून उतरलेला सूर्य

तुम्ही विचारलंय, शाळेतले सगळ्यात लाडके शिक्षक कोण आणि त्यांची कोणती आठवण अजून ताजी आहे. हायस्कूलच्या मराठीच्या बाई आठवतात, गणिताचे सर आठवतात. पण पहिलं नाव तोंडात येतं ते चौथीच्या गुरुजींचं. नाव इथे लिहीत नाही. आमच्या गावातलं कुणी हे वाचत असेल तर दोन ओळींत ओळखेल.

गडहिंग्लज तालुक्यात, हिरण्यकेशीच्या काठाला आमचं गाव. जीवन शिक्षण विद्यामंदिर, पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. वर मंगलोरी कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. तिसरी-चौथी एकाच खोलीत आणि दोन्ही वर्ग गुरुजींकडे. ते स्वतः जुनी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झालेले. सकाळी पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, म्हणून घ्यायचे, रात्री शिष्यवृत्तीच्या मुलांना कंदिलाच्या उजेडात शाळेतच बसवायचे आणि मग एकेकाला घरापर्यंत सोडून स्वतःच्या खोलीवर जायचे. त्या जादा तासाचा त्यांनी कुणाकडून एक पैसा घेतला नाही.

१९८० चा जानेवारी संपत आला होता. माकडांनी कौलं हलवलेली, त्यामुळे वर्गात जागोजाग कवडसे पडायचे. एकदा गुरुजींनी फळा सोडला, आमच्यात येऊन उकिडवे बसले आणि एका कवडशाभोवती खडूनं रेघ मारली. पाढे म्हणून होईस्तोवर कवडसा रेघेबाहेर सरकला होता. मग त्यांनी विचारलं, "वरची फट बघा. वाकडीतिकडी आहे. मग खाली पडलेला कवडसा असा गोलसर का?"

आम्ही तोंडाला येईल ते सांगितलं. कुणी म्हणालं उजेड पसरतो, कुणी म्हणालं कौल गोल असेल. दुपारच्या तिरक्या उन्हात कवडसा लांबट व्हायचा. गुरुजींनी पाटी कलती करून त्याच्या वाटेत धरली आणि तो पुन्हा गोल, लिंबाएवढा झाला. आमचा गोंधळ आणखी वाढला. उत्तर काही त्यांनी दिलं नाही. "पंधरा दिवस थांबा. ज्याचं उत्तर आहे तोच येऊन देईल," एवढंच म्हणाले.

शनिवार, १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं. एसटीनं येणारा पेपर गुरुजी आम्हाला वाचून दाखवायचे. हुबळी-रायचूरच्या पट्ट्यात भरदुपारी अंधार पडणार, आपल्याकडे सूर्याची बारीक कोर राहणार, हे त्यांनी फळ्यावर काढून समजावलं. गावात मात्र वेगळंच वातावरण. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी पोरं घरात कोंडून घालायची हे ठरलेलं. पाण्याच्या भांड्यांवर तुळशीपत्रं, गरोदर बायकांना विळीला हात लावायला बंदी.

गुरुजी घरोघर गेले. आमच्या सोप्यावर येऊन बसले तेव्हा आजी जात्यापाशी होती. ती म्हणाली, "गुरुजी, गिराणात पोराला भाईर काडू नगा." मला वाटलं आता वाद होणार. पण गुरुजी इतकंच म्हणाले, "आजी, तुमचं खरं आहे. ग्रहणात सूर्याकडं बघायचंच नाही, डोळे जातात. मी पोरांना वर बघूच देणार नाही. शाळेच्या छपराखाली बसवतो, खाली मान घालून. सुटलं की तुमच्याकडे आणून सोडतो, मग घाला आंघोळ." आजीनं जात्याचा खुंटा सोडला, थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी सोता आणून सोडनार आसला तर न्ह्या."

माणसाला कमी न लेखता समजावणं म्हणजे काय, हे मी त्या सोप्यावर पाहिलं. पुढे खूप शिकलेली माणसं भेटली, पण ही हातोटी फार थोड्यांत दिसली.

दुपारी चौदा पोरं जमली. काजळी धरलेली काच कुणीतरी आणली होती, ती गुरुजींनी दारातच काढून घेतली. दार लोटून आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो. सुरुवातीला काहीच नाही. मग एका कवडशाची कड कुणी दातानं तोडावी तशी तुटलेली दिसली. मग शेजारच्या. मग सगळ्याच. बघता बघता जमिनीवरचा एकूण एक कवडसा चंद्रकोर झाला! मोठ्या फटीतला, बारीक फटीतला, भिंतीवर चढलेला, माझ्या शेजारच्या मुलीच्या परकरावरचासुद्धा. शंभरेक कोरी असतील, सगळ्यांचं तोंड एकीकडे.

"आता सांगा, कवडसा म्हणजे काय?" गुरुजींनी हळूच विचारलं.

तिसरीतला एक पोरगा, एरवी वर्गात कधी तोंड न उघडणारा, ओरडला, "गुरुजी, सूर्य! कवडसा म्हंजे सूर्यच हाय!"

गुरुजींचा चेहरा मला आजही जसाच्या तसा दिसतो. त्यांनी त्या पोराच्या हातात खडू दिला. मग आम्ही सगळेच कोरींभोवती रेघा मारत सुटलो. साडेतीननंतर कोर नखाएवढी उरली, उजेड पिठूर चांदण्यासारखा झाला, गारवा आला. बाहेर कोंबड्या खुराड्याकडे निघाल्याचं दाराच्या फटीतून दिसलं. कुणी काही बोलत नव्हतं. गुरुजीही नाही.

ग्रहण सुटल्यावर त्यांनी शब्द पाळला. एकेकाला दारात नेऊन सोडलं.

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. सामान एसटीच्या टपावर चढवायला अख्खं गाव स्टँडवर आलं होतं. ते सगळं लिहायला बसलो तर हात चालत नाही.

पण ग्रहणानंतरचा सोमवार सांगायलाच हवा. जमीन सारवायची वेळ झाली होती, पण खडूच्या कोरी पुसतील म्हणून मुली शेणाला हात लावेनात. गुरुजींनीही आठवडाभर सारवण लांबवलं. दुपारी मला भाकरी द्यायचं निमित्त करून आजी शाळेत आली. माझ्या आठवणीत ती त्याआधी कधी शाळेची पायरी चढली नव्हती. उंबऱ्याबाहेर वहाणा काढून आत आली आणि खाली बघत विचारलं, "ह्यो सूर्य व्हय, गुरुजी?"

"व्हय, आजी."

ती बराच वेळ उभी राहिली. मग लुगड्याचा घोळ हातात धरून, एकाही कोरीवर पाय पडू न देता, भिंतीच्या कडेकडेनं बाहेर गेली.