‘संपावर आहेत’ म्हणणारी मुलगी

प्रिय ताई,

जून १९८२. महापालिकेच्या शाळेत सातवी झाली आणि लालबागहून तुम्ही दादरच्या हायस्कुलात आठवीला गेलात. फी-सवलतीचा ई.बी.सी.चा फॉर्म भरताना बाईंनी भर वर्गात विचारलं, ‘वडील काय करतात?’ तुम्ही म्हणालात, ‘संपावर आहेत.’ त्यावर बाई म्हणाल्या, ‘मग घर कशावर चालतं?’ आणि वर्ग हसला. आता बॅचच्या स्नेहसंमेलनात त्याच बाईंचा सत्कार आहे आणि मनोगत तुम्ही करायचंय. ग्रुपवर सगळ्यांना सोन्याचे दिवस आठवतात, मलाच हे का आठवतं, असं तुम्ही विचारता.

अहो, त्यांचं हायस्कूल पाचवीतच सुरू झालं होतं. तेव्हा इंग्रजीही पाचवीपासून असायचं. एबीसीडी त्यांनी एकत्र गिरवली, मैत्रिणी तिथेच जुळल्या. तुम्ही आलात तीन वर्षांनी, आणि १८ जानेवारीला सुरू झालेल्या गिरणी संपाला तेव्हा पाच महिने होत आले होते. अडीच लाख कामगारांचा पगार बंद. मी काळाचौकीत वाढले. डब्यात तांदूळ किती उरलाय, हे त्या वर्षी आमच्या चाळीतल्या तेरा वर्षांच्या पोरींना बघायला लागायचं नाही, डबा उचलला की कळायचं.

‘गिरणीत आहेत’ म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं तुम्ही लिहिलंय. नाही हो ताई! तुम्ही खरं तेच सांगितलंत. चुकलं ते बाईंचं, आणि त्या आज थकल्या आहेत म्हणून ते वाक्य बरोबर ठरत नाही. मनोगत सरळ नाकारा. कारण द्यायलाच हवं असं नाही. सत्काराच्या दिवशी हिशेब मात्र काढू नका, त्याने तुम्हालाच त्रास होईल.

पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात. शेजारची मुलगी भूमितीच्या तासाला कंपासपेटी दोघींच्या मधोमध ठेवायची आणि तुम्ही मागायच्या आत कर्कटक पुढे करायची. ती ग्रुपवर आहे, पण कधी काही लिहीत नाही, असंही तुम्ही म्हणता. तिला आधी फोन करा. त्या दिवशी ती तुमच्या शेजारीच बसली होती ना? तिला काय आठवतं, ते विचारा. मग संमेलनाला जायचं की नाही ते ठरवा. जायचं ठरलंच, तर तिच्याबरोबर जा आणि तिच्याच शेजारी बसा.