दप्तराचे प्रश्न : काय जपायचे, काय नष्ट करायचे

प्रश्न : पंचायत समितीत नुकताच कनिष्ठ सहायक म्हणून रुजू झालो. अभिलेख कक्षात वीसेक वर्षांचे गठ्ठे जमिनीवर पडून आहेत. तपासणीआधी ‘जुने ते सगळे जाळून टाका’ असे तोंडी सांगण्यात आले आहे. काय करावे?
– एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : तोंडी सांगण्यावरून एक कागदही जाळू नका. ठरलेली पद्धत सोडून अभिलेख नष्ट करणे हा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 नुसार गुन्हा आहे. कलम 9 प्रमाणे 5 वर्षांपर्यंत कारावास, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. उद्या कुणी नस्ती (फाइल) मागितली, तर तोंडी सांगणारे बदलून गेलेले असतील आणि जबाब तुम्हाला द्यावा लागेल.

किती वर्षे ठेवायचे हे कागदाच्या वयावर नव्हे, विषयावर ठरते. जिल्हा परिषदेच्या कार्यालयांत ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10 वर्षे, ‘क-1’ 5 वर्षे आणि ‘ड’ 1 वर्ष अशी विभागणी चालते. कोणता विषय कोणत्या वर्गात, याची सूची प्रत्येक विभागाची वेगळी असते. ती आधी मिळवा आणि कक्षाच्या दाराला आतून चिकटवा. सूची हाताशी नसताना केलेले निंदणीकरण (नको ते कागद वेचून नष्ट करणे) म्हणजे निव्वळ अंदाज.

सर्वांत जास्त चूक होते ती मुदत मोजताना. वेष्टनावर 2009 लिहिले आहे म्हणून 2009 पासून वर्षे मोजतात. मुदत मोजायची ती प्रकरण बंद झाल्यापासून. 2009 मध्ये उघडलेली ‘क-1’ नस्ती मार्च 2016 मध्ये बंद झाली असेल, तर ती मार्च 2021 पर्यंत ठेवावी लागते; 2014 मध्ये नष्ट केली तर ती चूकच. बंद झाल्याची तारीख सापडत नसेल तर टिप्पणी भागातला (नस्तीतला कार्यालयीन शेऱ्यांचा भाग) शेवटचा आदेश पाहा.

मुदत संपली तरी चार गोष्टी तपासा : लेखापरीक्षणाचा आक्षेप प्रलंबित आहे का, न्यायालयात प्रकरण आहे का, विभागीय चौकशी सुरू आहे का, माहिती अधिकारात अर्ज किंवा अपील आहे का. यांतले एक जरी असेल तरी नस्ती बाजूला ठेवा आणि वेष्टनावर कारण लिहा.

मग प्रत्यक्ष काम. दोन माणसे बसवा आणि एकावेळी एकच मांडणी हाती घ्या. सगळी खोली एकदम उपसली की गठ्ठ्यांची सरमिसळ होते आणि पुन्हा लागत नाही. पानांवर क्रमांक टाका, गंजलेल्या टाचण्या काढून दोरा किंवा टॅग लावा, जास्तीच्या झेरॉक्स वेगळ्या करा. वेष्टनावर विषय, बंद झाल्याची तारीख, वर्ग आणि नाश करण्याचे वर्ष ठळक लिहा. बऱ्याच कार्यालयांत ‘अ’ला लाल, ‘ब’ला हिरवा, ‘क’ला पिवळा आणि ‘ड’ला पांढरा रुमाल (गठ्ठा बांधायचे कापड) बांधतात, तुमच्याकडे तशी पद्धत असेल तर मोडू नका. नष्ट करायच्या नस्त्यांची यादी संबंधित टेबलाकडून तपासून घ्या, कार्यालय प्रमुखांची लेखी मान्यता घ्या, नाश नोंदवहीत एकेका नस्तीची नोंद करा आणि त्यानंतरच कागद बारीक कापा. अख्खे गठ्ठे रद्दीवाल्याला देऊ नका. घरकुलाच्या नस्त्यांत लोकांच्या आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या प्रती असतात.

खरे तर हे काम अभिलेख कक्षात सुरू होण्याची वेळच यायला नको. नस्ती बंद करणाऱ्याने त्याच दिवशी वर्ग लिहिला, तर पुढच्या माणसाला पन्नास पाने वाचावी लागत नाहीत. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत विभागण्याच्या ‘सहा गठ्ठा पद्धती’त अभिलेख कक्षात पाठवायच्या आणि नष्ट करायच्या कागदांचे गठ्ठे वेगळे ठेवतात, ते यासाठीच.

प्रश्न : आमच्या शाळेच्या जुन्या दाखल खारीज रजिस्टरची (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची व शाळा सोडल्याची नोंदवही) पाने हात लावताच तुटतात. नवीन रजिस्टरमध्ये उतरवून जुने काढून टाकले तर चालेल का? लॅमिनेशन करावे का?
– मुख्याध्यापक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दोन्ही नको. त्या रजिस्टरमधली जातीची एक नोंद एखाद्या घराच्या तीन पिढ्यांना पुरते. जात पडताळणीत अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांआधीचे पुरावे शोधतात. कोतवाल बुक (गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही) आणि दाखल खारीज हे त्यातले मुख्य. नव्या शाईत उतरवलेल्या प्रतीला मूळ नोंदीचे वजन नसते, आणि उतरवताना एका अक्षराची चूक झाली तर त्या कुटुंबाला वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात.

लॅमिनेशनच्या उष्णतेने जुना कागद आणखी ठिसूळ होतो आणि प्लॅस्टिक पुन्हा सोडवता येत नाही. चिकटपट्टीही लावू नका; तिचा डिंक पिवळा पडतो आणि अक्षरे खातो. रजिस्टर सपाट टेबलावर उघडून वरून, सावलीत, प्रत्येक पानाचा फोटो घ्या. झेरॉक्स यंत्रावर पालथे दाबले की शिवण तुटते. सुटलेली पाने क्रमाने जाड कागदाच्या पाकिटात ठेवून पाकिटावर पृष्ठ क्रमांक लिहा. फिकट झालेले अक्षर पेनाने गिरवू नका, मदत म्हणूनही नाही. गिरवलेल्या नोंदीवर पडताळणीत खाडाखोडीचा संशय येतो आणि विद्यार्थ्याचा दावा अडकतो.

प्रश्न : आजोबांच्या शेताचा जुना फेरफार आणि पेरेपत्रक (पिकांच्या नोंदीचा कागद) मागितले, तर ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ एवढेच सांगतात. पुढे काय?
– एक शेतकरी, अमरावती जिल्हा

उत्तर : आधी महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर गाव आणि गट क्रमांक टाकून पाहा. तिथे नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षाकडे माहिती अधिकारात अर्ज करा, पण नुसता फेरफार मागू नका. अर्जात लिहा : ‘सदर अभिलेख नष्ट केला असल्यास नाश नोंदवहीतील नोंदीची व मान्यता आदेशाची प्रत द्यावी.’ मग ‘उपलब्ध नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. एकतर नाशाची नोंद दाखवावी लागते, नाहीतर शोध घ्यावा लागतो. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करा.

प्रश्न : पावसाळ्यात भिंतींतून ओल येते, शिवाय उधई (वाळवी). डांबर गोळ्या टाकल्या तरी फरक नाही.
– ग्रामपंचायत कर्मचारी, गोंदिया जिल्हा

उत्तर : डांबर गोळ्यांनी उधई थांबत नाही, ती जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत वर येते. मांडणी लोखंडी घ्या, भिंतीपासून आणि जमिनीपासून साधारण 15 सेंटीमीटर दूर ठेवा. ही मोकळी जागा मुख्यतः नजरेसाठी असते : नळी दिसली की गठ्ठ्यापर्यंत पोचण्याआधी मोडता येते. मृग लागण्यापूर्वी कौले आणि पन्हळ तपासा. भिजलेले गठ्ठे बांधलेले ठेवू नका आणि कडक उन्हातही टाकू नका. रुमाल सोडून पंख्याखाली दोरीवर पाने मोकळी करा. दोन दिवसांत वाळली नाहीत तर बुरशी धरते. चिकटलेली पाने ओढू नका, मध्ये कोरा कागद सरकवून हळूहळू सुटू द्या.