जहांगीरची सुरी ‘उल्केची’, ‘अशनीची’ की ‘विजेची’?

प्रश्न असा आला आहे: जहांगीरने आकाशातून पडलेल्या लोखंडाची शस्त्रे घडवून घेतली, पण मूळ फारसीत त्याला विजेचे लोखंड म्हटले आहे. मराठीत लिहिताना ही चूक सुधारून ‘उल्केचे लोखंड’ लिहावे का?

माझे मत: सुधारू नये.

आधी हकिकत पाहू. १६२१च्या एप्रिलमध्ये जालंदरजवळच्या एका गावी पहाटे भयंकर आवाज झाला आणि उजेडाचा लोळ जमिनीवर उतरला. दहा-बारा गज जागेतले गवत जळून गेले. तिथला आमील (महसूल अधिकारी) महंमद सईद याने जमीन खणवली, तर खाली तापलेला लोखंडाचा गोळा मिळाला. वजन भरले १६० तोळे. नुसता हा गोळा घणाखाली टिकेना, फुटू लागला. मग उस्ताद दाऊदने तीन भाग ते लोखंड आणि एक भाग साधे लोखंड मिसळून दोन तलवारी, एक कट्यार आणि एक सुरी केली. हे सारे जहांगीरने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

एका तलवारीचे नाव ‘बर्क़-सिरिश्त’, म्हणजे विजेच्या प्रकृतीची. बर्क़ म्हणजे वीज. हा शब्द आपल्यालाही परका नाही, आपला ‘बरकंदाज’ त्यातूनच आलेला: वीज फेकणारा, म्हणजे बंदुकवाला शिपाई.

आता ‘उल्का’ का नको? असे लोखंड अवकाशातून येते, हे जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनीने १७९४ साली, म्हणजे जहांगीरच्या बऱ्याच नंतर, ठामपणे मांडले. जहांगीरच्या माणसांना कडकडाट, उजेड आणि जळालेली जमीन दिसली, आणि त्यांनी त्याला वीज म्हटले. शिवाय खोल खणावे तशी जमीन अधिक तापलेली लागली, हा तपशील मला खटकतो, कारण पडलेल्या अशनीचा (आकाशातून जमिनीवर पोचलेल्या तुकड्याचा) गाभा सहसा थंडच असतो. अशी शंका घ्यायची तर साक्षीदारांचा शब्द जसाच्या तसा समोर हवा. तो बदलला की नोंद आपली होते, त्यांची राहत नाही.

म्हणून भाषांतरात ‘विजेचे लोखंड’ ठेवावे. आपल्या विवेचनात मात्र ‘अशनी’ वापरावा. ‘उल्का’ म्हणजे आकाशात दिसणारी जळती रेघ, आणि जमिनीवर पोचलेला तुकडा तो अशनी, असा भेद शास्त्रीय मराठीत आहे. आणि या शब्दात जुनी वीजही शाबूत आहे! संस्कृतात अशनि म्हणजे इंद्राचे वज्र, कोसळणारी वीज. वराहमिहिराने बृहत्संहितेत आकाशातून पडणाऱ्या ज्योतींचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले. त्याची अशनि मोठ्या आवाजाने, चाकासारखी फिरत, जमीन फाडत पडते. जालंदरच्या गावकऱ्यांनी सांगितले ते याच्या किती जवळ आहे!

लेखनाचे एवढेच: मराठीत एकटा शब्द ‘अशनी’ दीर्घ, समासात मात्र ‘अशनिपात’ ऱ्हस्व.