मलेशिया-इंडोनेशियात अ‍ॅडमिरलला 'लक्सामाना' म्हणतात, मग आपल्या नौदलानेही तेच पद घ्यायला काय हरकत आहे?

हरकत कसली? पण गरजही नाही. एवढंच उत्तर हवं असेल तर इथेच थांबा, कारण पुढे मी भरकटणार आहे. याच विषयावर माझं आणि आमच्या साडूंचं अनेक वर्षांपासून वाजलेलं आहे.

नाव रामायणातल्या लक्ष्मणावरून गेलंय हे बरोबर, तो फॉरवर्ड सगळ्यांनाच येऊन गेलाय. फॉरवर्डमध्ये पुढचं काहीच नसतं हा माझा मुद्दा.

मी मर्चंट नेव्हीतला, इंजिनवाला. बोटी सोडल्यावर काही काळ मलेशियात लुमुटला जहाज दुरुस्तीच्या कामावर होतो. लुमुट म्हणजे पेराक राज्यातलं बंदर, मलेशियन नौदलाचा मोठा तळ तिथेच आहे. आमच्या गाडीवर जे ड्रायव्हर होते ते नौदलातून रिटायर झालेले, इंजिन रूममधलेच, त्यामुळे आमचं लगेच जमलं. आम्ही सगळे त्यांना पाकचिक म्हणायचो, म्हणजे आपलं काकाच. त्यांचा एक ठरलेला विनोद होता, मी लक्सामाना कधी झालो नाही पण लक्सामानाच्या पोटात बरीच वर्षं काढली. कारण तिकडे 'लक्सामाना' नावाच्या वर्गाच्या चार कॉर्व्हेट, म्हणजे छोट्या युद्धनौका, होत्या आणि हे त्यातल्या एकीवर होते. त्या बोटींची गोष्टही भारी आहे. मुळात इराकने इटलीला ऑर्डर देऊन बांधून घेतलेल्या, मग युद्ध आणि निर्बंध यांत इराकला मिळाल्याच नाहीत, इटलीतच पडून राहिल्या आणि नव्वदच्या दशकात मलेशियाने घेतल्या. म्हणजे बोट इटलीची, ऑर्डर सद्दामची, नाव मलाक्का या मलेशियातल्या जुन्या सल्तनतीच्या काळातलं, आणि आत घाम गाळणारे आमचे पाकचिक.

तर साडू सहकुटुंब फिरायला आले. मलाक्का बघायचं म्हणून पाकचिकनाच घेऊन गेलो. तिथे हांग तुआ या जुन्या लक्सामानाच्या नावाची विहीर आहे, त्याचा दोस्त हांग जेबातची कबर आहे, जिकडे बघाल तिकडे लक्सामाना. साडूंनी गाडीतून उतरल्या उतरल्या सुरू केलं, हे बघा आपला लक्ष्मण, ही सगळी आपलीच संस्कृती, यांना माहीतच नाही. तेही पाकचिकना कळेल अशा इंग्रजीत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऊन असं की पार्किंगमध्ये गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता, आणि हे गृहस्थ एका नौसैनिकाला त्याच्याच पदाचा इतिहास शिकवतायत.

पाकचिक चिडले वगैरे नाहीत. म्हणाले, हो, नाव तुमच्याकडून आलं, शाळेत शिकवतात. आणि मग त्यांनी सावलीत उभं राहून हांग तुआची गोष्ट सांगितली. मलाक्काच्या दरबारात मोठे मानकरी चार, बेंदाहारा म्हणजे मुख्य प्रधान, तमंगुंग म्हणजे बंदोबस्त बघणारा, पंघुलु बेंदाहारी म्हणजे खजिना सांभाळणारा, आणि समुद्रावर लक्सामाना. हांग तुआ हा त्यातला सगळ्यात गाजलेला लक्सामाना. कोणीतरी चुगली केली, सुलतानाने त्याला मारायचा हुकूम दिला, बेंदाहाराने न मारता लपवून ठेवला. त्याचा जिवलग दोस्त हांग जेबात, त्याला वाटलं तुआ गेला, म्हणून त्याने बंड केलं आणि राजवाडाच ताब्यात घेतला. मग सुलतानाला कळलं तुआ जिवंत आहे, त्याला माफी देऊन बोलावलं आणि जेबातला मारायला पाठवलं. आणि त्याने मारलं. आपल्यासाठी बंड करणाऱ्या दोस्ताला.

साडू म्हणाले, वा, लक्ष्मणासारखीच निष्ठा. पाकचिक म्हणाले, माझा मुलगा म्हणतो जेबात बरोबर होता. मी म्हणतो तुआ. घरात जेवताना भांडण होतं.

हे मला प्रचंड आवडलं. नाव आपल्याकडून गेलं असेल, पण त्या नावावरून रात्री जेवताना भांडतात ते लोक, आपण नाही. आणि गंमत बघा, मलेशियन नौदलाकडे 'जेबात' नावाची फ्रिगेट आहे. सुलतानाविरुद्ध बंड करणाऱ्याचं नाव युद्धनौकेला, त्या देशात जिथे राजा स्वतः मानाचा 'लक्सामाना आर्माडा' असतो, पाच तारेवाला. हांग तुआ खरंच होऊन गेला का यावर तिकडच्या इतिहासकारांत वाद आहे, पण लोकांना त्याने काही फरक पडत नाही.

आता प्रश्नातलं थोडं. आजच्या वापरात एक तारेवाल्या अधिकाऱ्याला लक्सामाना पर्तामा, दोनला मुडा, तीनला माड्या, चारला नुसतं लक्सामाना. मलेशिया आणि इंडोनेशिया दोन्हीकडे हाच क्रम. पण मलेशियात नौदलप्रमुखाच्या हुद्द्याला 'पांग्लिमा तंतरा लाउत' म्हणतात, लक्सामाना ही रँक आहे, पोस्ट नाही, यात लोक नेहमी घोळ घालतात. इंडोनेशियात एकेकाळी हवाई दलातही लक्सामाना होते, 'लक्सामाना उदारा', नंतर ते मार्सेकल, म्हणजे मार्शल, झाले. शेजारच्या सिंगापूरने मात्र सरळ इंग्रजी रँक ठेवल्या.

आणि लक्सामाना म्हणजे फक्त पुरुष हेही डोक्यातून काढा. सुमात्राच्या टोकाला आचेच्या सल्तनतीत मलाहायाती नावाची बाई लक्सामाना होती, युद्धात नवरे गेलेल्या बायकांची फौज घेऊन लढणारी. 1599 मध्ये डच कॅप्टन कॉर्नेलिस द हौटमन आचेत मारला गेला, तो तिच्या हातून असं तिकडे मानतात. 2017 मध्ये इंडोनेशियाने तिला राष्ट्रीय वीर जाहीर केलं. त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्याकडे तिच्या नावाची फ्रिगेट आहे, आणि ती बांधली कोणी? हॉलंडने. साडूंना हे सांगितलं तर म्हणाले, अच्छा, झाशीच्या राणीसारखी. म्हणजे परत आपलंच.

आता माझं खरं दुखणं. 4 डिसेंबर 2023 ला मालवणला नौदल दिन झाला, तिथे पंतप्रधानांनी नौदलातल्या रँकना भारतीय परंपरेची नावं देणार असं जाहीर केलं. नंतर अ‍ॅडमिरल लोकांच्या खांद्यावर महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोनही आला. तेव्हा फॅमिली ग्रुपवर साडूंचा मेसेज, आता अ‍ॅडमिरलला लक्ष्मण म्हणा. मी म्हटलं, अहो, आपल्याकडे कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते, महाराजांच्या आरमारात दर्यासारंग हा अधिकारी होता, ते सोडून मलाक्काला फिरवून आणलेलं नाव कशाला? तर म्हणाले, सरखेल फारसी आहे, आणि सारंग काय, सारंग तर खलाशी असतो.

माझे आजोबा रत्नागिरीचे, बोटीवर डेक सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, होते. गोऱ्या मेटला, म्हणजे बोटीवरच्या अधिकाऱ्याला, धडकी भरेल असा माणूस, वादळात डेकवर कोणाला कुठे उभं करायचं हे त्यांच्या शिट्टीवर चालायचं. पाकचिकना मी हे सांगितलं होतं, तर ते लगेच म्हणाले, सेरांग, आमच्याकडेही बोटीवर सेरांगच. म्हणजे ज्या शब्दाला साडू खलाशी म्हणून नाक मुरडतात तो अख्ख्या समुद्रावर चालत होता. आणि अ‍ॅडमिरल तरी कुठला इंग्लंडचा, तोही मुळात अरबीच. फारसी नको तर अरबी कसं चालतं?

तेव्हा माझं मत, लक्सामाना त्यांच्याकडेच राहू द्या, त्यांनी ते नाव पाचशे वर्षं राबवलंय. आपल्याला बदलायचंच असेल तर सरखेल घ्या, दर्यासारंग घ्या. अर्थात मी नौदलात कधी नव्हतो, आणि हाताखालच्या पोरांनी रोज कोणत्या नावाने सॅल्यूट मारायचा हे माझ्यासारख्या रिटायर्ड इंजिनवाल्याने ठरवू नये, तेही आहे. शिवाय परदेशी नौदलांशी बोलताना अ‍ॅडमिरल सोयीचं पडतं असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. मलेशियावालेही इंग्रजीत बोलताना अ‍ॅडमिरलच म्हणतात.

तिकडे गेलात तर मलाक्काबरोबर सुमात्रातला रिआऊ हा इंडोनेशियाचा प्रांतही करा. तिथे 'लक्सामाना मंगामुक' नावाचं सरबत मिळतं, आंबा बारीक चिरून नारळाच्या दुधात. गोष्ट अशी की एका लक्सामानाची बायको आमराईवाल्याबरोबर पळाली, हा तलवार घेऊन त्या आमराईत घुसला आणि रागाच्या भरात दिसेल तो आंबा कापत सुटला, मग गावातल्या बायकांनी ते तुकडे गोळा करून हे केलं. साडूंना मी हे अजून सांगितलेलं नाही, कारण यात लक्ष्मण कुठे बसवायचा यावर ते मला रात्रभर झोपू देणार नाहीत.