डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटबद्दल अंदाज सांगताना

पहिल्याच रात्री नातेवाईक विचारणार, "शुद्धीवर कधी येईल?" निदान 72 तास तरी ठाम काही बोलू नकोस.

सुरुवातीला वय, डोळ्यांच्या बाहुल्या आणि मोटर स्कोअर (हातापायांच्या हालचालीचे गुण) बघ. ग्लासगोची (डोळे, बोलणं, हालचाल यांवरून शुद्ध मोजायचे गुण) नुसती बेरीज लिहू नकोस. मानेजवळचा स्नायू चिमटल्यावर हात तिथवर पोचतो, नुसता कोपरात वाकतो की सरळ ताठ होतो, ते लिही. बीपी, ऑक्सिजन घसरले होते का, हेही विचार.

सगळेच करतात त्या चुका:
- झोपेच्या औषधाच्या अमलात तपासणं.
- एकच सीटी बघून आशा सोडणं.
- 'इम्पॅक्ट' किंवा 'क्रॅश' या अंदाज काढायच्या गणितांची टक्केवारी घरच्यांना जशीच्या तशी सांगणं. ती तशा अनेक पेशंटची असते, या एकाची नव्हे. शिवाय सहा महिन्यांपर्यंतचीच. सुधारणा त्यानंतरही चालू राहते.

एमआरआय, बायोमार्कर (मेंदूची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) सध्या राहू दे. बाहुल्या मात्र टॉर्च घेऊन स्वतः बघ.