उरलेल्या लाकडासाठी कर्ज काढावं का?

प्रश्न : घरामागे छोटी बँडसॉ आरागिरणी आहे. ओंडके चिरून झाले की सालीकडचे तुकडे, अरुंद पट्ट्या आणि आखूड फळ्या यांचा ढीग साचतो. त्यातून स्टुलं, चॉपिंग बोर्ड, कुंड्यांचे खोके करून विकायचा विचार आहे. लाकूड फुकटच, म्हणजे विक्री हाच नफा. वाळवणीची भट्टी, रंधा मशीन आणि शेड यांसाठी 8 पगारांइतकं कर्ज 12 टक्क्यांनी, 5 वर्षांसाठी मिळतंय. नोकरी न सोडता शनिवार-रविवारी काम करेन. एका स्टुलाला रंधण्यापासून तेल लावेपर्यंत 4 तास लागतात. शिल्लक 2 महिन्यांच्या खर्चाइतकी आहे. कर्ज घेऊ का?

उत्तर : आत्ता घेऊ नका. वस्तू मात्र जरूर करा.

तुमचा हप्ता पगाराच्या जवळपास 18 टक्के येतो. महिन्याला 200 तासांची नोकरी धरली, तर तो 36 तासांची कमाई झाला. आता स्टुलाकडे बघू. रंधण्यापासून तेल लावेपर्यंत 4 तास लागतात, असं तुम्हीच लिहिलंय. फोटो काढणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, बांधून पाठवणं याचा तासभर मी त्यात घालतो. पॉलिश पेपर, तेल, वीज, पात्याची धार आणि विक्रीचं कमिशन वजा जाता एका स्टुलामागे तुमच्या 3 तासांच्या पगाराइतके पैसे उरतात असं समजा, आणि हा अंदाज उदारच आहे. म्हणजे नुसता हप्ता भागवायला महिन्याला 12 स्टुलं, 60 तास. सगळे शनिवार-रविवार तिथेच संपले, घरात एक पैसाही आला नाही. वर 5 वर्षांत व्याजापोटी अडीच पगारांहून जास्त जाणार.

लाकूड फुकट म्हणता, पण त्याला किंमत आहे. तो ढीग आहे तसा जळणासाठी विकला तर जे मिळेल, तो तुमचा कच्च्या मालाचा खर्च. रक्कम छोटी असेल, तरी हिशेबात धरा.

खरी अडचण ओलाव्याची आहे. ताज्या चिरलेल्या लाकडात पाणी भरपूर असतं. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरला की लाकूड आकसायला लागतं, आणि खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा ढोबळमानाने दुप्पट आकसतं. फळ्या पिळतात आणि चिरतात त्या यामुळेच. इंचभर जाड फळी सावलीत, हवेशीर रचून वाळायला वर्षभर लागतं असा जुना ठोकताळा आहे. लाकडाची जात आणि हवामान पाहून तो कमी-जास्त होतो. म्हणजे भट्टी नसेल तर आज कापलेला तुकडा पुढच्या वर्षी विकला जाणार, आणि भट्टीसाठी कर्ज काढलं तर हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होणार.

भट्टीच्या बाजूनेही बोलायला हवं. सालीकडच्या तुकड्यांत बाहेरचं पांढरट लाकूड जास्त असतं आणि भुंगेऱ्यांना तेच आवडतं. वस्तू विकून काही महिने झाल्यावर तिच्यातून भुकटी गळायला लागली, तर पैसे परत द्यावे लागतील आणि नाव जाईल ते वेगळं. पॅकिंगच्या लाकडातली कीड मारण्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं असा आहे. चांगली भट्टी हे सहज करते. त्यामुळे तिची इच्छा चुकीची नाही, पण ती विक्रीच्या पैशांतून यावी.

तोवर ढिगाची विभागणी ओलाव्यानुसार करा. वाफ्यांच्या कडा, रोपांच्या आधाराच्या खुंट्या, जड सामानाखालचे ठोकळे हे ओल्या लाकडाचेही चालतात आणि लगेच विकता येतात. चॉपिंग बोर्ड आणि खोके वाळलेल्याच लाकडाचे. स्टुलात एक गंमत करता येते : पाय पूर्ण वाळलेले आणि बैठक किंचित ओलसर ठेवली, तर बैठक आकसताना पायांना घट्ट धरते. चांगल्या फळ्यांच्या थरांमध्ये घालायच्या पट्ट्याही या ढिगातूनच काढा. त्या मात्र वाळलेल्या हव्यात, नाहीतर फळीवर डाग पडतात.

घरात जे शेल्फ तुम्ही एरवी विकत आणणारच होता, ते आधी करा. त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, कमिशन नाही, वाचलेला पैसा पूर्ण तुमचा. विकत आणणारच नव्हता ते केलंत, तर तो छंद झाला. छंदाला माझी हरकत नाही, फक्त त्याला बचत म्हणू नका.

खरेदीचा क्रम असा ठेवा : ओलावा मोजायचं मीटर आणि धुळीचा चांगला मास्क सर्वांत आधी (लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहे), मग पारदर्शक छप्पर आणि पंखा लावून स्वतः बांधलेली उन्हाची भट्टी. तिच्यात 56 अंशांची खात्री नाही, म्हणून पांढरट लाकूड सध्या बोर्डांत वापरूच नका. रंधायचं काम एखाद्या सुताराकडे तासावर करून घ्या. घराच्या विम्यात धंद्याचा वापर अनेकदा बसत नाही, तेव्हा विमा कंपनीला लेखी विचारा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, आणि तुमच्या शेडमध्ये भुसा असणार.

वर्षभर प्रत्येक वस्तूचे तास लिहून ठेवा. शिल्लक 6 महिन्यांच्या खर्चाइतकी झाली, तासाची कमाई पगाराच्या तासाच्या जवळ आली आणि वाळलेलं लाकूड कमी पडतंय म्हणून ऑर्डर परत जाऊ लागल्या, तर फक्त भट्टीपुरतं छोटं कर्ज घ्या. आणि उरलेलं पुरत नाही म्हणून चांगल्या फळ्या कापायची वेळ आली, तर पुन्हा लिहा. तो फर्निचरचा धंदा झाला, त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.