आरोग्यपृच्छा : आधी तपासणी, मग टॉनिक

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतून शिकण्यासाठी नागपुरात येऊन राहिलेल्या विद्यार्थ्यांची आहेत. खोली भाड्याची, जेवण मेसचे किंवा डब्याचे आणि दुखले-खुपले तर सल्ला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा, अशी त्यांची रीत दिसते. औषध आधी पोटात जाते आणि दुखणे कशाचे हा प्रश्न त्यानंतर पडतो, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक पत्रात आढळली, आणि निवडलेल्या पाच पत्रांना उत्तरे देताना मुख्यतः हीच उलटी रीत सुलटी करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून वसतिगृहात राहते. जिना चढताना धाप लागते आणि दुपारच्या तासाला डोळे उघडे राहत नाहीत. महाविद्यालयातील शिबिरात हिमोग्लोबिन ९.२ निघाले आणि सिकलसेलच्या अहवालावर ‘एएस’ असे लिहून आले. लोहाच्या टॉनिकच्या दोन बाटल्या मी आधीच संपवल्या होत्या. पण सिकलसेल असणाऱ्यांनी लोह घ्यायचे नसते असे मैत्रिणी म्हणाल्या, म्हणून ते बंद केले. घरी अजून काही सांगितलेले नाही. माझे काय होईल?

उत्तर : तुमच्या कागदावरच्या दोन नोंदी एकमेकींत मिसळल्यामुळे ही भीती निर्माण झाली आहे, तेव्हा त्या आधी वेगळ्या करू. ‘एएस’ म्हणजे तुम्ही सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहक आहात, रुग्ण नाही. आई आणि वडील या दोघांकडून आपल्याला हिमोग्लोबिनचे एकेक जनुक मिळते. त्यांपैकी एकच सिकलचे असेल तर ती व्यक्ती ‘एएस’, दोन्ही सिकलची असतील तर ‘एसएस’. ज्या आजारात सांधे आणि हाडे असह्य दुखतात, वारंवार कावीळ दिसते आणि रक्त चढवण्याची वेळ येते, तो ‘एसएस’चा आजार होय. वाहकाचे हिमोग्लोबिन केवळ वाहक असल्यामुळे कमी होत नाही. याचा अर्थ असा की तुमच्या ९.२ या आकड्याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला होता, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण लोहाची कमतरता हेच आहे. मात्र सर्वांत मोठे कारण म्हणजे एकमेव कारण नव्हे. रक्ताची संपूर्ण तपासणी म्हणजे सीबीसी आणि सीरम फेरिटिन या दोन चाचण्यांवरून शरीरातील लोहाचा साठा आटला आहे की नाही हे स्पष्ट कळते. आणखी एक गोष्ट अहवाल हातात घेऊन पाहा : शिबिरात बहुधा आधी सोल्युबिलिटी चाचणी होते, आणि ती वाहकातही पॉझिटिव्ह येते व रुग्णातही, ‘एएस’ की ‘एसएस’ हा निवाडा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीवरच होतो. ती झालेली नसेल तर आवर्जून करून घ्या. थॅलेसेमियाचे जनुक सोबत असल्यास तेही तिच्यातच उघड होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या नेहमीच्या ‘मेडिकल’मध्ये, याची सोय आहे.

मैत्रिणींनी सांगितलेली गोष्ट अगदी निराधार नाही, फक्त ती दुसऱ्या कोणासाठी आहे. ‘एसएस’ रुग्णाला वारंवार रक्त चढवले गेले की प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात लोह साचत जाते, म्हणून अशा रुग्णाने तपासणीशिवाय लोह घेऊ नये. वाहकाला लोहाची कमतरता असेल तर तिने ते घेतलेच पाहिजे. गोळीचा डोस डॉक्टर ठरवतील; ती कशी घ्यायची हे मात्र तुमच्या हातात आहे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, कारण ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते, आणि तिच्या मागेपुढे किमान तासभर चहा किंवा दूध घेऊ नये. सकाळी तर्री पोहे, त्यावर लगेच कटिंग आणि त्यावर गोळी, असा क्रम असेल तर गोळीतले बरेचसे लोह वाया जाते. शौचास काळी होते, त्याने घाबरू नये. हिमोग्लोबिन १२ झाले की गोळ्या थांबवण्याची चूक फार मुली करतात. साठा भरून निघण्यासाठी त्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. महागड्या टॉनिकपेक्षा सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी गोळी कमी प्रतीची असते, हा समज सोडून द्यावा.

पाळी आठवड्यापेक्षा जास्त दिवस चालत असेल किंवा गाठी पडत असतील तर ते डॉक्टरांना संकोच न करता सांगा, कारण गळती चालू ठेवून टाकी भरता येत नाही. जंताची गोळी मागच्या सहा महिन्यांत घेतली नसेल तर तेही विचारा. मेसच्या जेवणात अंबाडी किंवा चवळीची भाजी, हरभरे, तीळ आणि जवसाची चटणी यांची भर घालता येते. मांसाहार करत असाल तर कलेजीतील लोह शरीराला सर्वांत सहज मिळते.

आता घरी सांगण्याबद्दल. हे जनुक आई किंवा वडील यांच्यापैकी किमान एकाकडून तुमच्याकडे आले आहे, म्हणजे तुमच्या भावंडांचीही तपासणी होणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी तरी हे सांगितलेच पाहिजे. यात कोणाचा दोष नाही. जेथे पिढ्यानपिढ्या हिवतापाचे थैमान होते त्याच भागांत हे जनुक टिकून राहिले, कारण वाहकांना जीवघेण्या फॅल्सिपेरम हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात ते इतके का आढळते याचे उत्तर बरेचसे यात आहे. सिकलसेल अमुक एका समाजाचा आजार आहे असे बोलणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. लग्नाचा विचार होईल तेव्हा जोडीदाराची चाचणी मात्र अटळ समजा : दोघेही ‘एएस’ असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल ‘एसएस’ होण्याची शक्यता चारांत एक असते, जोडीदाराच्या रक्तात असे कोणतेही जनुक नसेल तर मूल ‘एसएस’ होत नाही. २०४७ पर्यंत सिकलसेलचे उच्चाटन करण्याचे जे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे तो याचसाठी. पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करत असाल तर एक पथ्य पाळा. वाहकाने कडक उन्हात, पाणी न पिता, दम तुटेपर्यंत धावू नये.

प्रश्न : मी अभियांत्रिकीला आहे. मी तंबाखू खात नाही. मित्रांसोबत दिवसातून दोन-तीनदा खर्रा होतो, पण माझ्यासाठी पानठेल्यावाला तो बिनतंबाखूचा, फक्त सुपारी आणि चुना घालून घोटतो. हल्ली तिखट अजिबात सहन होत नाही. औषधाच्या दुकानातून तोंडाला लावायचे जेल आणि बी-कॉम्प्लेक्स आणले, पण फरक नाही.

उत्तर : बिनतंबाखूचा खर्रा निर्धोक असतो हा समज नागपुरात घट्ट रुजलेला आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच सुपारी ही स्वतंत्रपणे, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग निर्माण करणारी म्हणून वर्गीकृत केली आहे. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आतील मऊ त्वचेखाली कठीण तंतू तयार होतात, तोंडाची लवचीकता जाते आणि ते हळूहळू उघडेनासे होते. या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्याचे सर्वांत पहिले लक्षण तुम्ही लिहिले तेच असते : सावजी रस्सा सोडाच, साध्या वरणातली मिरचीही झोंबू लागते.

आज आरशासमोर उभे राहून एक गोष्ट करून पाहा. तोंड पूर्ण उघडून स्वतःची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका एकावर एक अशी वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी घाला. तिन्ही बोटे सहज जात नसतील, गालाच्या आत पांढरट फिक्कटपणा दिसत असेल किंवा जीभ गालावरून फिरवताना दोरीसारखे पट्टे लागत असतील, तर याच आठवड्यात शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन तोंड दाखवा. तयार झालेले तंतू पूर्णपणे विरघळवणारे औषध नाही. व्यायाम आणि उपचारांनी तोंड काही अंशी उघडते, आणि खर्रा थांबवला तर वाढ रोखता येते. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा कर्करोगाच्या शंकेनेच तपासला जातो. खर्रा सुटत नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. खरी अडचण सवयीपेक्षा संगतीची असते, हे तुम्हालाही ठाऊक असेल. खर्ऱ्याची पन्नी हातोहात फिरते तेथून काही दिवस दूर राहण्याला पर्याय नाही.

प्रश्न : नंदनवनात आम्ही चौघे एका खोलीत राहतो. मागच्या महिन्यात एकाला डेंग्यू झाला. दोन दिवस तो दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेत होता. नंतर प्लेटलेट कमी झाल्या आणि भरती करावे लागले. आम्ही रोज रात्री अगरबत्ती लावतो, तरी डास कसे?

उत्तर : रात्रीची अगरबत्ती डेंग्यूच्या डासाला फारशी अडवत नाही, कारण एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होता होता. तो गटारात नव्हे, तर साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि विद्यार्थ्यांच्या खोलीत असे पाणी साठण्याची मुख्य जागा कूलर ही असते. मृगाचा पाऊस पडला की कूलर बंद होतो, बटण दाबायचे थांबते, पण टाकीतले वीतभर पाणी तसेच राहते आणि दिवाळीपर्यंत त्याकडे कोणी पाहत नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला सुमारे आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व पाणी ओतून कोरडा पाळायचा. केवळ पाणी ओतून मात्र भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात, तेव्हा ब्रशने भिंती घासणे आणि जुने गवत फेकून देणे आवश्यक आहे. गच्चीवरची झाकण नसलेली टाकी घरमालकांना दाखवून द्या.

ताप आला तर तो डेंग्यूचा नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि तुमच्या मित्राने घेतलेली गोळी बहुधा यांपैकीच असावी. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ ही डेंग्यूची रक्तचाचणी उपयोगी पडते. डेंग्यूतला खरा धोक्याचा काळ ताप उतरतो तेव्हा सुरू होतो, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. नेमके तेव्हाच मुले बरे वाटले म्हणून क्लासला जाऊ लागतात. सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे, हिरड्यांतून रक्त, कमालीची अस्वस्थता किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले की थेट रुग्णालय गाठावे. पपईच्या पानांचा रस शोधत गावभर फिरण्यात वेळ घालवू नये. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार असल्यामुळे एकदा होऊन गेलेल्याला तो पुन्हा होऊ शकतो, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाल्यास अधिक गंभीर होण्याची शक्यता असते.

पोळ्याला गावी जाऊन शेतात काम केल्यानंतर ताप आला आणि अंगावर कोठे भाजल्यासारखी काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना जरूर दाखवा. ती स्क्रब टायफसची खूण असू शकते. वेळेवर ओळखला तर हा ताप साध्या औषधाने लवकर आटोक्यात येतो.

प्रश्न : माझा मुलगा मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीला क्लाससाठी जातो. मी त्याच्या खिशात कांदा आणि बॅगेत ग्लुकोजची पुडी देते. एवढे पुरेसे आहे का? — एक आई

उत्तर : ताई, खिशातला कांदा ऊन अडवत नाही, तो भाकरीबरोबर पोटात गेलेला बरा. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते आणि ग्लुकोजच्या साध्या पुडीत साखर असते, मीठ बहुतेक नसते. त्याऐवजी मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे किंवा ओआरएस द्यावे. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाळावे. अंदाजाने जास्त मीठ टाकू नये. डोके-कान झाकणारा दुपट्टा आपल्याकडे सर्व मुले बांधतातच. उष्माघातात अंगाचा ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा कोसळतो. अशा वेळी पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी टाकत वारा घालावा, काखेत व जांघेत बर्फ ठेवावा, शुद्ध नसल्यास तोंडात पाणी ओतू नये आणि १०८ वर फोन करावा.

प्रश्न : परीक्षेच्या काळात रात्री तीनपर्यंत जागतो. दहा वाजता कडक चहा, बारा वाजता एनर्जी ड्रिंक. तरी वाचलेले सकाळी आठवत नाही.

उत्तर : वाचलेले पक्के करण्याचे काम मेंदू बऱ्याच अंशी झोपेतच करतो, आणि तुम्ही तीच कापत आहात. अठरा ते पंचवीस वर्षांच्या वयात सात ते नऊ तास झोप लागते. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे पाच तास लागतात, म्हणजे दहाच्या चहातले निम्मे कॅफिन तीन वाजताही रक्तात असते. एनर्जी ड्रिंक त्याच्यावर वेगळे. शेवटचा चहा संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास घ्या आणि पहाटेचा अभ्यास करून पाहा. तासन् तास पडून राहूनही झोप येत नसेल, भूक गेली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रश्न चहाचा नाही. १४४१६ या टेली मानस सेवेवर कोणत्याही वेळी मोफत आणि मराठीतून बोलता येते.